पायऱ्यांपाशी एर्सीलिया

इटलीतल्या लुक्का शहराच्या तटाच्या आत राहणारी माणसे आणि तटाबाहेर राहणारी माणसे यांच्यात काही भेद आहे, असे कोणी मान्य करणार नाही. आणि तो नाही असे वागणाराही कोणी सापडणार नाही. एर्सीलिया लेंचोनी चौदाव्या वर्षी डोंगरातल्या खेड्यातून तटाच्या आत आली आणि पुढचे जवळजवळ सगळे आयुष्य आतच राहिली. मग एका हिवाळ्यात, सकाळी कॉफीचे भांडे शेगडीवर ठेवता ठेवता, तिचा डावा हात आणि डावा पाय तिचे ऐकेनासे झाले. इस्पितळातून तिला तटाबाहेर, मैदानातल्या एका वृद्धाश्रमात नेण्यात आले. तिथल्या खिडकीतून मक्याचे शेत आणि कागदाच्या गिरणीची धुरांडी दिसत. तट दिसत नसे. त्याबद्दल तिने तक्रार केली नाही. तिने कशाबद्दलही तक्रार केल्याचे कोणाला आठवत नाही, आणि हा तिचा गुण म्हणून सांगितला जाई.

ज्या घरात तिने आयुष्य काढले ते लाझ्झारेस्की कुटुंबाचे घर फिल्लुंगो रस्त्यापासून आत वळणाऱ्या एका गल्लीत होते. ती तिथे मोलकरीण म्हणून आली तेव्हा तिच्याकडे पुठ्ठ्याची पेटी आणि आईने बांधून दिलेले चेस्टनटचे पीठ होते. ते पीठ त्या घरात कोणी खात नाही, हे कळल्यावर तिने ते रात्री माळ्यावरच्या आपल्या खोलीत पाण्यात कालवून थोडे थोडे संपवले. पहिल्याच वर्षी घरच्या मालकीण, बाईसाहेब, तिला म्हणाल्या, "तू आता घरचीच." पुढेही अनेकदा म्हणाल्या. घरच्या माणसाला हे वाक्य कोणी कधी सांगत नाही, हे एर्सीलियाला कळत नव्हते असे नाही. पण वाक्य प्रेमाने उच्चारलेले होते, आणि प्रेमाने उच्चारलेले वाक्य तपासून पाहायचे नसते, असे तिला वाटे.

त्या घराने तिला पुष्कळ शिकवले. चांदीचे चमचे कसे पुसायचे, सशाचे मांस जैतुनाबरोबर किती वेळ शिजवायचे, दार किती उघडायचे. सर्वांत उपयोगी विद्या मात्र नकाराची होती. आलेल्या पाहुण्याला कॉफी विचारली की तो नको म्हणे. पुन्हा विचारले की पुन्हा नको म्हणे. तिसऱ्यांदा न विचारताच कप समोर ठेवायचा, आणि पाहुण्याने तो घ्यायचा. पहिले दोन नकार म्हणजे सभ्यता. तिसरा म्हणजे भांडण. फ्लोरेन्सहून आलेल्या एका वकिलाने पहिल्याच विचारण्याला "हो, द्या की" म्हटले, तेव्हा आठवडाभर त्याच्या आईवडिलांबद्दल कीव व्यक्त केली गेली. आणि एका चुलत बहिणीने तिसऱ्यांदाही कप परत सारला. ती पुन्हा त्या घरात आली नाही. एर्सीलिया दाराआडून आवाज ऐकूनच सांगू शके, हा नकार कितवा आणि कोणत्या जातीचा. तिने स्वतः तिसरा नकार कोणालाही दिलेला नव्हता. तशी वेळच येत नसे. मोलकरणीला तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही.

बाईसाहेबांचे गुडघे गेले, तेव्हा एर्सीलिया त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून शहरात फिरवू लागली. पायाने चालताना जे शहर सपाट वाटते ते चाकांखाली सपाट नसते, हे तिला तेव्हा समजले. बाईसाहेब वारल्या तेव्हा घराचे मजले विकले गेले आणि एकेका मजल्यावर प्रवासी उतरू लागले. परंतु तळमजल्यावरची, पूर्वी जळाऊ लाकडे ठेवायची खोली एर्सीलियाला तिच्या हयातीपुरती मिळावी, असे बाईसाहेबांनी सांगून ठेवले होते आणि वारसांनी ते पाळले. तिथे ती तीन-चार वर्षे राहिली. खोलीला रस्त्याच्या पातळीवर स्वतंत्र दार होते. आपल्या दाराची किल्ली आपल्याच खिशात असण्याची तिची ती पहिलीच वेळ. संध्याकाळी ती दार उघडे टाकून खुर्चीत बसे. जाणारे-येणारे तिच्याशी बोलत. ती सुखी होती असे म्हणता येईल. तिने स्वतः मात्र तसा शब्द वापरला नसता.

आजारानंतर तिच्यात काय बदलले, हे सांगणे अवघड आहे. डावा हात-पाय पुन्हा हलू लागला होता, पण डाव्या तळव्याला जमीन लागत नसे; पाय टेकला की नाही, हे डोळ्यांनी पाहूनच कळे. मनाचेही तसेच काहीसे झाले होते. वृद्धाश्रमात शेजारच्या खाटेवरची बाई गेली तेव्हा एर्सीलियाने तिचे पांघरूण घडी करून ठेवले आणि जेवायला गेली. भाच्याला नातू झाला तेव्हा ती "छान" म्हणाली. डॉक्टरांनी विचारले, "उदास वाटतं का?" तिने थोडा वेळ विचार केला आणि सांगितले, "नाही. काहीच वाटत नाही." डॉक्टरांनी गोळी बदलली. सगळ्या हव्या-नकोशा गोष्टी अशा विझून गेल्या असताना एक गोष्ट उरली होती: तिला आपल्या खोलीत परत जायचे होते. ती तीव्र इच्छा होती असेही नाही. गाईला जसा गोठा ठाऊक असतो तशी तिला ती खोली ठाऊक होती, इतकेच.

तिच्या भावाचा मुलगा ग्रात्सियानो दर रविवारी बायकोला घेऊन भेटायला येई. तो कागदाच्या गिरणीत पाळीवर काम करणारा, सरळ, मितभाषी गृहस्थ होता. नोव्हेंबरमधल्या एका रविवारी त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली आणि विषय काढला.

"आत्या, मी आडपडदा ठेवत नाही. डॉक्टर म्हणतात, घरच्या माणसानं जबाबदारी घेतली तर सोडतो. घरचा माणूस म्हणजे मी."

"आणि घरचा माणूस आठवड्यातून तीन रात्री गिरणीत," त्याची बायको मोरेना म्हणाली. "तुम्ही पडलात आत्या, तर उचलायला कोण येणार? मांजर?"

"मांजर नाही तिथे," एर्सीलिया म्हणाली.

"तेच सांगतेय मी!"

"तू थांब जरा," ग्रात्सियानो म्हणाला. "आत्या, तुला खरंच जायचंय का?"

"खोली तिथे आहे," ती म्हणाली.

त्याने टोपीची कड चाचपली. "मग असं करू. एप्रिलात सांता झीताचा दिवस आहे. मी गाडी सांता मारिया वेशीबाहेर लावतो. तिथून तू तुझी चालायचं. वॉकर घे, वेळ लागू दे हवा तेवढा, दहा वेळा थांब. पण हात कोणाचा धरायचा नाही. माझासुद्धा नाही. सान फ्रेदियानो चर्चच्या पायऱ्या चढायच्या, आत जायचं, संतिणीच्या पेटीला हात लावायचा, उतरायचं, आणि खोलीपर्यंत यायचं. जमलं, तर पुढच्याच आठवड्यात मी येऊन खोलीला रंग देतो."

"पायऱ्या कशाला घालतोस मध्ये?" मोरेनाने विचारले. "खोलीचं दार तर सरळ रस्त्यावर आहे."

"दार आहे. पण औषधवाल्याला पायरी, पाववाल्याला पायरी, दवाखान्याला तीन पायऱ्या. या शहरात पायरी चढता येत नसेल तर माणूस खोलीत बसून उपाशी मरेल."

हे खरे होते, आणि एर्सीलियाला ते पटले. "नाही जमलं तर इथे," ती म्हणाली.

"नाही जमलं तर इथे. आणि खोली भाड्यानं लावू. इथला खर्च त्यातून निघेल. चालेल?"

"चालेल."

हा करार न्याय्य होता, हे इथे नोंदवून ठेवले पाहिजे. कोणी कोणाला फसवत नव्हते. पुढे जे झाले त्याचा दोष ज्याच्यावर ठेवावा असा माणूस शोधू गेल्यास सापडत नाही. आणि अशा गोष्टी समजून घ्यायला सर्वांत कठीण असतात.

हिवाळाभर तिने सराव केला. वृद्धाश्रमाच्या लांब ओसरीत ती वॉकर घेऊन सकाळ-संध्याकाळ ये-जा करी. सिस्टर आन्येजे तिच्या बाजूने चालत आणि बडबडत.

"एर्सीलिया, पोपला भेटायला चाललीस की काय? जरा हसून चाल."

"हसले की पाय दिसत नाही."

पायऱ्यांचा सराव करायला तिथे एक लाकडी चौथरा होता, दोन्हीकडे कठडे असलेला. सान फ्रेदियानोच्या पायऱ्यांना मधोमध कठडा नाही, हे तिला माहीत होते. म्हणून तिने डावीकडचा कठडा नाहीच असे धरले. उजव्या हाताचा तळवा नुसता कठड्याच्या उभ्या फळीवर टेकवायचा, पकडायचे काही नाही, आणि चांगला पाय आधी वर न्यायचा. चर्चच्या पायऱ्यांच्या कडेला, भिंतीला लागून, हे करता येईल असे तिने ठरवले होते. मार्चच्या अखेरीला ते तिला चौथऱ्यावर जमू लागले. रोज नाही, पण बहुतेक दिवशी. सिस्टरने टाळ्या वाजवल्या. एर्सीलियाला आनंद झाला नाही. तिने फक्त लक्षात ठेवले, की जमते.

सांता झीताच्या दिवशी हवा स्वच्छ होती. ही झीता त्याच शहरातली, सातशे-आठशे वर्षांपूर्वीची मोलकरीण, मोलकरणींची संत. तिचा वाळलेला देह सान फ्रेदियानोत काचेच्या पेटीत आहे, आणि त्या दिवशी ती पेटी चर्चच्या मधोमध आणून ठेवतात. बाहेरच्या चौकात फुलांचा बाजार भरतो. एकेकाळी शहरातल्या सगळ्या मोलकरणींना त्या सकाळी सुट्टी असे. आता मोलकरणी उरल्या नाहीत. ज्या आहेत त्या पेरूहून आणि मोल्दोव्हाहून आलेल्या आहेत आणि त्यांना सुट्टी नसते. जुन्या मात्र अजून येतात.

ग्रात्सियानोने वेशीबाहेर गाडी लावली. घडीची चाकाची खुर्ची त्याने गाडीच्या डिकीत ठेवली होती, पण ती बाहेर काढली नाही. वॉकर उघडून तिच्यापुढे ठेवला आणि दोन्ही हात खिशात घातले. संपूर्ण वाटभर ते त्याने बाहेर काढले नाहीत. ती मागे वळून पाहत नव्हती, परंतु खिशातल्या नाण्यांचा आवाज तिला मागून ऐकू येत होता, आणि तो ठराविक अंतरावरच राहत होता.

वेशीच्या कमानीखाली दगड झिजून गुळगुळीत झालेले होते. तिथे तिने वेळ लावला. पुढे चौकातून फिल्लुंगो रस्त्याला लागल्यावर ती मधून चालली नाही, दुकानांच्या बाजूने चालली. सायकलवाले घंटी वाजवत वळसा घालून जात होते. एका दुकानाच्या उंबऱ्याशी तिने विसावा घेतला. आतून बडीशेपेच्या गोड पावाचा वास येत होता. एक जर्मन कुटुंब तिच्यासाठी थांबले. तिने मानेनेच त्यांना पुढे जायला सांगितले. वॉकरचे पुढचे चाक दोन दगडांच्या फटीत अडकले, तेव्हा नाण्यांचा आवाज एकदम थांबला. तिने वॉकर किंचित मागे ओढला, तिरपा केला, पुढे ढकलला. नाणी पुन्हा वाजू लागली.

तिला दमल्यासारखे वाटत होते, पण ते दमणे दुसऱ्या कोणाचे असावे तसे. शहर परत दिसल्याचा काही परिणाम तिच्यावर होत नव्हता. ही तीच दुकाने, तोच कोपरा. आपल्याला इथे रडू यायला हवे होते, असे तिच्या मनात आले आणि मग तेही गेले. तिने पाय पाहिला. टेकला होता. पुढचा उचलला.

अशा रीतीने ती सान फ्रेदियानोच्या चौकात पोहोचली. नर्गिसांच्या पिवळ्या जुड्या, कुंड्या, पाण्याच्या बादल्या, माणसे. फुलवाल्यांच्या मधून वाट काढत ती पायऱ्यांच्या उजव्या कडेला आली, वॉकर बाजूला लावला, आणि उजवा तळवा भिंतीवर टेकवला. भिंत थंड होती; तेवढे उजव्या हाताला कळले. तिने पहिल्या पायरीकडे पाहिले. श्वास बसू द्यायला ती थांबली. पायरी चौथऱ्याहून किंचित बुटकी होती. ग्रात्सियानोही हे पाहत होता, आणि नंतर त्याने बायकोला सांगितले की, त्या क्षणी आपली खात्री झाली होती की आत्या चढणार.

"अरे देवा! एर्सीलिया!"

हा आवाज फोस्काचा होता. फोस्का शेजारच्या घरी कामाला होती; दोघी एका विहिरीवर नव्हे, पण एका गच्चीवर तीस वर्षे चादरी वाळत घालत आल्या होत्या. "मला वाटलं, तुला मैदानात पुरून टाकलं! अहो, बघा कोण आलंय! लाझ्झारेस्कींची एर्सीलिया!"

बायका जमल्या. कोणी गालाचा मुका घेतला, कोणी हात दाबला. तळवा भिंतीवरून सुटला.

"बारीक झालीस."

"मैदानातलं जेवण. तिकडच्या तेलाला तेल म्हणत नाहीत."

"आणि इथे आलीस कशी? चालत? वेशीपासून? वेडी आहेस का तू?" फोस्काने मागे वळून हाक मारली, "नेल्लो! ए नेल्लो! इकडे ये, फुलं कुठे पळून चालली नाहीत!"

नेल्लो फुलवाला होता, रुंद खांद्यांचा, साठीचा. लहानपणी बाईसाहेबांच्या घरी तो फुले पोहोचवायला येई आणि एर्सीलिया त्याला मागल्या दारी काहीतरी खायला देई. तो हात पुसत आला, तिच्याकडे पाहिले, पायऱ्यांकडे पाहिले.

"तू? या पायऱ्या? आणि आम्ही काय मेलो?"

"नको रे नेल्लो," एर्सीलिया म्हणाली. "मी चढते."

"ऐका, ऐका. ती चढते! सांता झीता स्वतः उठून हात द्यायला येणार आहे वाटतं. ए, बारमधली एक खुर्ची आण रे कोणीतरी. हात असलेली आण!"

"नको. खरंच नको," ती म्हणाली.

तिचा आवाज पन्नास वर्षे एका दिवाणखान्यात घडवलेला आवाज होता: मऊ, खालच्या पट्टीतला, समोरच्याला अवघडू न देणारा. त्या आवाजात दोन नकार झाले. नेल्लोने ते ऐकले आणि त्याला त्यांचा जो अर्थ या शहरात होतो तोच त्याने घेतला. म्हातारी सभ्य घरात वाढली आहे. दोनदा नको म्हणणारच. खुर्ची आली. त्याने आणि दुसऱ्या एका माणसाने तिला बसवले.

तिसरा नकार देण्याइतका वेळ तेव्हा होता. फार नव्हता, पण होता. एर्सीलियाने वर पाहिले. नेल्लोचे कपाळ घामाने चमकत होते. फोस्काच्या डोळ्यांत पाणी होते. मागच्या बायका एकमेकींना सांगत होत्या, ही एर्सीलिया, हिने आपल्या बाईची शेवटपर्यंत कशी सेवा केली. तिसरा शब्द तिच्या तोंडात तयार झाला. तो उच्चारला तर या सगळ्यांच्या तोंडावर दार लावल्यासारखे होईल, हे तिला दिसत होते. आणि तसे दार कसे लावतात, हे तिला कोणी शिकवलेच नव्हते. खुर्ची हवेत उचलली गेली.

लोकांनी वाट दिली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. पायऱ्या तिच्या खालून गेल्या. आत मेणाचा आणि फुलांचा वास होता. थेट काचेच्या पेटीपाशी खुर्ची ठेवली गेली. फोस्काने तिचा डावा हात उचलून काचेवर ठेवला. डावाच, कारण तो जवळ होता. त्या हाताला काच लागली नाही. आत संत झीता लहानशी, तपकिरी, फुलांत झोपलेली होती. मालकाच्या घरची भाकरी ती एप्रनमध्ये लपवून भुकेल्यांना नेत असे, आणि एकदा मालकाने अडवून एप्रन उघडायला लावला तेव्हा भाकरीची फुले झाली, अशी कथा आहे.

"फुलं झाली ते ठीक," फोस्का तिच्या कानात कुजबुजली, दर वर्षी ती हेच म्हणे, "पण त्या दिवशी ते भुकेले जेवले काय?"

एर्सीलिया हसली. निदान फोस्काला तसे वाटले.

तिला तसेच उचलून बाहेर आणण्यात आले, आणि खुर्ची पायऱ्यांच्या खाली, फुलांच्या बादल्यांजवळ ठेवण्यात आली. नेल्लोने नर्गिसाची एक जुडी तिच्या मांडीवर ठेवली आणि गिऱ्हाइकाकडे गेला. ग्रात्सियानो तिच्यासमोर उकिडवा बसला. आता त्याचे हात खिशाबाहेर होते.

"आत्या."

"हं."

"तू सांगितलं नाहीस का त्यांना?"

"सांगितलं. दोनदा."

तो लुक्काच्या मैदानातला असला तरी त्याला ते समजले. त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "त्यांनी उचललं नसतं, तर चढली असतीस?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. चौथऱ्यावर बहुतेक दिवशी जमत असे. रोज नाही. "माहीत नाही," ती म्हणाली.

"मला वाटतं, चढली असतीस. पण वाटण्यावर मी मोरेनाला काय सांगू? डॉक्टरला काय सांगू? मी जबाबदारी घेणार ती कशावर?" मग त्याचा चेहरा उजळला. "हे बघ, काही बिघडलेलं नाही. आता गर्दी कमी झालीय. आत्ता चढ. मी इथे उभा राहतो, कोणाला जवळ येऊ देत नाही. चढून दाखव, की झालं."

हा प्रस्ताव योग्य होता. ग्रात्सियानो वॉकर आणायला उठलाही. एर्सीलियाने पायऱ्यांकडे पाहिले. रिकाम्या होत्या, भिंत तशीच होती. मग तिने इकडे पाहिले. फोस्का आणि इतर बायका बाकावर बसून तिच्याकडेच पाहत होत्या, एखादे चांगले काम पार पडल्यावर माणसे पाहतात तशा. नेल्लो गिऱ्हाइकाला सांगत होता, "ती बघा, आमची एर्सीलिया, आत्ता आम्ही तिला आत नेऊन आणलं." आता आपण उठून त्याच पायऱ्या आपल्या पायांनी चढायला लागलो, तर मघाच्या त्या सगळ्याचे काय होईल? आपल्याला गरज नसताना यांनी उचलले, हे यांच्यासमोर सिद्ध करायचे. नेल्लोच्या घामाचे हसे होईल. फोस्का गप्प होईल. फोस्का गप्प झालेली तिने कधी पाहिली नव्हती.

"राहू दे," ती म्हणाली.

"आत्या, खोलीचा प्रश्न आहे."

"कळतंय मला. राहू दे. त्यांना वाईट वाटेल."

"त्यांना?" ग्रात्सियानो म्हणाला. "आणि तुला?"

त्यावर उत्तर देण्यासाठी तिने आत शोधून पाहिले. तिथे काही सापडले नाही. नाही म्हणजे खरोखरच नाही. ती काही लपवत नव्हती. ज्या ठिकाणी दुःख असायला हवे त्या ठिकाणी, डाव्या तळव्याखाली जमीन असावी तसे, काहीतरी असावे असे दिसत होते, पण लागत नव्हते. "मला काय," ती म्हणाली.

ग्रात्सियानो उभाच राहिला. त्याला राग आला होता. कोणाचा, हे त्यालाही सांगता आले नसते. माणसांचा एकमेकांवर जो हक्क असतो, त्यात मदत करण्याचाही हक्क येतो का, आणि जिला मदत केली तिला तो नाकारण्याची जागा कुठे असते, हे प्रश्न त्याच्या पद्धतीचे नव्हते. तो गाडीतली चाकाची खुर्ची आणायला गेला. नेल्लोने तिला तीत बसवले आणि वेशीपर्यंत स्वतः ढकलत नेले. वाटभर तो दुकानदारांना हाका मारत होता, "वाट सोडा, वाट सोडा, राणीसाहेब चालल्या!" लोक हसत होते. फिल्लुंगोला लागताच ग्रात्सियानोने विचारले, "गल्लीतून जायचं का? खोली बघून?"

"कुलूप आहे ना?"

"आहे."

"मग काय बघायचं."

वृद्धाश्रमात संध्याकाळी सिस्टर आन्येजेने घाईघाईने येऊन विचारले, "काय झालं? चढलीस?"

"आत जाऊन आले," एर्सीलिया म्हणाली. "त्यांनी उचलून नेलं."

"उचलून? वा! भाग्यवान आहेस. आम्हांला कोण उचलतं!"

ओसरीतला सराव तिने त्यानंतर बंद केला. कोणी कर म्हटले की करी; आपण होऊन नाही. जूनमध्ये ग्रात्सियानोने खोलीला रंग दिला, नवी खाट घातली आणि ती प्रवाशांना द्यायला सुरुवात केली. वृद्धाश्रमाचा खर्च त्यातून निघू लागला. मोरेनाही त्यामुळे मवाळ झाली आणि येताना घरचे काहीतरी शिजवून आणू लागली. पुढच्या वर्षी सांता झीताच्या सकाळी नेल्लो स्वतःची गाडी घेऊन वृद्धाश्रमाच्या दारात हजर झाला. त्याने एका हातांच्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी दांडे ठोकून आणले होते. आता चौघांना मिळून तिला नीट, न हलवता नेता येणार होते. त्याने ते तिला फिरवून फिरवून दाखवले. ती त्यात बसली. चौकात लोक वाट पाहत होते. त्यानंतर दर वर्षी तो येतो, आणि सान फ्रेदियानोत आता सांता झीताबरोबर एर्सीलियाचीही वाट पाहिली जाते. लहान मुलांना उचलून, 'ती बघ एर्सीलिया,' म्हणून दाखवतात.

या शरद ऋतूतल्या एका रविवारी, जेवणाच्या वेळी ग्रात्सियानो तिच्या शेजारी बसला होता. काही बोलायचे म्हणून त्याने सांगितले, "आत्या, ती खोली फार चालते. वरचे मजले रिकामे पडतात, आपली खोली नाही. रस्त्याच्या पातळीवर आहे ना, पायरी नाही. चालायला त्रास होणारी माणसं मुद्दाम तीच मागतात. म्हाताऱ्या बायका, वॉकर घेऊन, कुठून कुठून येतात. परवा एक डेन्मार्कची होती, ऐंशीची. रोज तटावर जाऊन यायची म्हणे."

एर्सीलियाने चमचा खाली ठेवला. "एकट्या येतात?"

"काही एकट्या येतात."

"आणि जमतं त्यांना?"

"जमतं," ग्रात्सियानो म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याला वाटले की हे सांगायला नको होते. त्याने तिच्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि उजव्या हाताने सुपाची वाटी जवळ ओढली.